नगरसभेच्या विषयपत्रिकेवर युद्ध

१२ मार्च २००३ रोजी न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेनं इराकवर होऊ घातलेल्या हल्ल्याला विरोध करणारा ठराव ३१ विरुद्ध १७ मतांनी मंजूर केला. जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे कोसळून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्या एका सकाळी शहरानं सुमारे पावणेतीन हजार माणसं गमावली होती, आणि नगरपरिषदेची इमारत त्या जागेपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. सूडाची भाषा करायचा अधिकार कुणाला असलाच तर तो या शहराला होता. त्याच शहराच्या प्रतिनिधींनी बहुमतानं सांगितलं, की बाकीचे सगळे मार्ग संपल्याशिवाय आमच्या दुःखाच्या नावानं युद्ध करू नका. आठवडाभरात बगदादवर बॉम्ब पडू लागले.

असा ठराव करणारं न्यूयॉर्क एकटं नव्हतं. शिकागो, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को यांसारख्या महानगरांपासून नकाशावर शोधावी लागतील अशा गावांपर्यंत दीडशेहून अधिक स्थानिक संस्थांनी त्या हिवाळ्यात असे ठराव केले. या पुस्तकाचा विषय हे ठराव, त्यांच्या आधीचे आणि नंतरचे ठराव, आणि ते करणारी माणसं हा आहे. रस्ते, पाणी आणि कचरा सांभाळण्यासाठी निवडून आलेल्या लोकांनी हजारो मैलांवरच्या युद्धाबद्दल तोंड का उघडलं, त्यांना तो अधिकार होता का, आणि तोंड उघडल्यानं काय झालं, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. इथे मला त्यामागचा प्रश्न मांडायचा आहे आणि माझी बाजूही सांगायची आहे.

अशा प्रत्येक ठरावाला होणारा आक्षेप ठरलेला असतो: हा तुमचा विषय नाही. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नगरसेवकापुढे गुप्तचरांचे अहवाल येत नाहीत. मतं मागताना त्यानं पश्चिम आशियाबद्दल अवाक्षर काढलेलं नसतं. प्रत्येक गाव आपापलं परराष्ट्र धोरण चालवू लागलं, तर जगापुढे देशाचं म्हणणं काय, हे कुणाला कळणार? शिवाय सभागृहाचा वेळ लोकांच्या पैशाचा असतो, आणि फुटलेली जलवाहिनी युद्ध संपायची वाट पाहत नाही. हे सगळं मला मान्य आहे.

पण याच आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे ज्यांचा तो विषय आहे ते आपलं काम नीट करत आहेत. अमेरिकेच्या राज्यघटनेनं युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिला आहे. त्या संसदेनं रीतसर युद्ध पुकारल्याची शेवटची नोंद जून १९४२ ची आहे. त्यानंतर कोरिया झालं, व्हिएतनाम झालं, अफगाणिस्तान आणि इराक झालं. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातातल्या चकमकीचं निमित्त होऊन राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना हवं ते करण्याची मुभा मिळाली, ती प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकबाबत तशीच मुभा २९६ विरुद्ध १३३ आणि ७७ विरुद्ध २३ मतांनी देण्यात आली. ज्यांनी विचारायचं त्यांनी कोऱ्या कागदावर सही करून दिली, की तो प्रश्न खाली उतरत उतरत गावच्या सभेपर्यंत येतो. तिथे तो टाळता येत नाही, कारण युद्धावर जाणाऱ्याचं घर त्याच गल्लीत असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या गावातून माणूस युद्धावर जातो, त्या गावाला त्या युद्धाबद्दल विचारण्याचा आणि आपलं मत नोंदवण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क माणूस जाण्यापूर्वी वापरला पाहिजे.

ही गोष्ट अमेरिकेइतकीच जुनी आहे. १८१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांच्या सांगण्यावरून संसदेनं ब्रिटनशी युद्ध पुकारलं तेव्हा सागरी व्यापारावर जगणारा ईशान्येचा न्यू इंग्लंड प्रांत खवळला. गावसभांनी विरोधाचे अर्ज धाडले. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर केलेब स्ट्राँग यांनी आपल्या राज्याचे शिबंदी सैनिक केंद्राच्या हाती द्यायचं नाकारलं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते नँटकेट बेटानं. व्हेल माशांच्या शिकारीवर जगणारं, शांततावादी क्वेकर पंथाचा मोठा प्रभाव असलेलं हे बेट. धान्य आणि सरपण बाहेरून यायचं, ते ब्रिटिश नौदलानं अडवलं. केंद्र सरकारला त्यांचं रक्षण करता येत नव्हतं. शेवटी ऑगस्ट १८१४ मध्ये बेटाच्या प्रतिनिधींनी ब्रिटिश नौदलाशी बोलणी करून आपण या युद्धात तटस्थ असल्याचं जाहीर केलं, केंद्राचे कर भरायचे नाहीत हेही मान्य केलं, आणि बदल्यात शिधासामग्रीच्या गलबतांना वाट मिळवली. हे मी आदर्श म्हणून सांगत नाही. उपाशी माणसांनी केलेला तो सौदा होता, आणि सगळीच गावं असं वागली तर देश उरत नाही. मात्र वरच्यांनी घेतलेल्या निर्णयाची किंमत खाली कोण मोजतं, हे त्या बेटाच्या हिवाळ्यांइतकं स्पष्ट क्वचितच दिसलं असेल.

विसाव्या शतकातला खरा आरंभ मात्र अनपेक्षित ठिकाणी झाला. मिशिगन राज्यातलं डिअरबॉर्न हे फोर्ड मोटार कंपनीचं गाव. तिथले महापौर ऑर्व्हिल हबर्ड १९४२ पासून तब्बल ३६ वर्षं त्या खुर्चीवर होते, आणि कृष्णवर्णीयांना गावात घर मिळू नये यासाठी त्यांनी केलेल्या खटपटींमुळे देशभर कुप्रसिद्ध होते. शांततेच्या चळवळीला असा माणूस दारात उभा करायलाही संकोच वाटावा. आणि याच माणसाच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर १९६६ मध्ये, डिअरबॉर्नच्या मतदारांपुढे व्हिएतनामचा प्रश्न मतपत्रिकेवर आला: ताबडतोब युद्धबंदी करून अमेरिकी सैन्य परत आणावं का, आणि व्हिएतनामी लोकांना आपले प्रश्न आपण सोडवू द्यावेत का? हबर्ड यांचा त्याला पाठिंबा होता. तेव्हा व्हिएतनाममध्ये साडेतीन लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते, आणि माघारीची भाषा करणाऱ्याला देशद्रोही ठरवण्याचे ते दिवस होते. तरीही सुमारे ४० टक्के मतदारांनी होय म्हटलं. दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, तशाच मतदानात माघारीच्या बाजूनं बहुमत झालं.

वाईट माणसाच्या हातून योग्य प्रश्न विचारला गेला, तर त्या प्रश्नाचं काय करायचं? मी यावर बराच विचार केला. हबर्ड यांचा वंशद्वेष मला एका शब्दानंही झाकायचा नाही. पण मतपत्रिकेवर शिक्का मारणारे ते ४० टक्के लोक म्हणजे हबर्ड नव्हेत. हार्लन हान या राज्यशास्त्रज्ञानं व्हिएतनामवरच्या अशा स्थानिक मतदानांचा अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध केला. युद्धाला विरोध म्हटलं की लांब केसांचा विद्यापीठीय तरुण डोळ्यांपुढे येतो. हान यांना आकड्यांत दिसलं ते उलटं होतं: सुखवस्तू वस्त्यांपेक्षा कामगार वस्त्यांत माघारीच्या बाजूनं जास्त मतं पडली होती. कारण शोधायला दूर जावं लागत नाही. महाविद्यालयात नाव घातलेल्या मुलाची सैन्यभरती पुढे ढकलता येत होती, कारखान्यात जाणाऱ्या मुलाची येत नव्हती. ज्यांचा आवाज वर्तमानपत्रांत नव्हता, मोर्चांत नव्हता, त्यांना पडद्याआड एकट्यानं शिक्का मारण्याची संधी गावच्या निवडणुकीनं दिली.

सॅन फ्रान्सिस्कोत १९६७ मध्ये हाच प्रश्न मतपत्रिकेवर आणायचा होता, तेव्हा शहराच्या निवडणूक अधिकाऱ्यानं तो घ्यायला नकार दिला. युद्ध हा शहराचा विषय नाही, हेच कारण. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘फार्ली विरुद्ध हीली’ या निकालात न्यायालयानं जे म्हटलं त्यावर या पुस्तकाचा निम्मा डोलारा उभा आहे. स्थानिक सभा आपल्या लोकांना भिडणाऱ्या बाबींवर पूर्वापार मत जाहीर करत आल्या आहेत, मग त्या मताची अंमलबजावणी करण्याचा अधिकार त्यांच्याकडे असो वा नसो, असा त्या म्हणण्याचा आशय. प्रश्न मतपत्रिकेवर आला आणि पडला. माघारीच्या बाजूनं चाळीस टक्केही मतं मिळाली नाहीत. १९७० मध्ये तो पुन्हा आला आणि निसटत्या बहुमतानं जिंकला. मधल्या तीन वर्षांत किती शवपेट्या आल्या, हे लक्षात घेतलं तर त्या विजयाचा आनंद मानवत नाही.

बोलण्याच्या पुढे जाऊन काही करण्याचा प्रयत्नही झाला. मॅसॅच्युसेट्स राज्यानं एप्रिल १९७० मध्ये कायदाच केला, की संसदेनं न पुकारलेल्या परदेशी युद्धात आमच्या रहिवाशाला लढायला लावता येणार नाही. राज्य थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘मॅसॅच्युसेट्स विरुद्ध लेअर्ड’ हे प्रकरण ऐकायलाच न्यायालयानं त्या नोव्हेंबरात ६ विरुद्ध ३ मतांनी नकार दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी त्याविरुद्ध लिहिलेलं दीर्घ टिपण आजही वाचनीय आहे. युद्ध घटनेला धरून आहे का, या प्रश्नाला त्यामुळे उत्तर मिळालंच नाही. पुढे २००० मध्ये, म्यानमारच्या लष्करी राजवटीशी धंदा करणाऱ्या कंपन्यांकडून सरकारी खरेदी करू नये असा मॅसॅच्युसेट्सचाच दुसरा कायदा सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं रद्द ठरवला. यावरून रेषा कुठे आहे ते समजतं. गाव किंवा राज्य बोलू शकतं. केंद्राच्या परराष्ट्र व्यवहारात हात घालू लागलं, की त्याला अडवलं जातं. ही रेषा मला मोडायची नाही. बोलण्याची मुभा पुरेपूर वापरली गेली तरी खूप झालं.

शिकागोच्या नगरपरिषदेनं १६ जानेवारी २००३ रोजी ती वापरली. नगरसेवक जो मूर यांनी पुढाकार घेतलेला ठराव ४६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. इराककडून अमेरिकेला खरा आणि लगोलगचा धोका असल्याचं दाखवल्याशिवाय एकतर्फी हल्ला करू नये, अशी त्याची मागणी होती. एवढ्या मोठ्या शहरानं इतक्या एकमुखानं हे म्हणावं, ही साधी गोष्ट नव्हती. शिकागो हे हिशेबी राजकारणाचं शहर आहे. तिथले नगरसेवक भावनेच्या भरात हात वर करणारे म्हणून ओळखले जात नाहीत. त्यांच्या वॉर्डांत राखीव दलाच्या बोलावण्याच्या चिठ्ठ्या यायला लागल्या होत्या. राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता. दहशतवादी हल्ल्याच्या इशाऱ्याची पातळी वॉशिंग्टननं वाढवली, की पूल, पाणीसाठे, विमानतळ यांवरच्या जादा बंदोबस्ताचं बिल शहरांच्या माथी येत होतं. युद्धाचा विषय विषयपत्रिकेवर कुणी बाहेरून आणून टाकला नव्हता. तो अंदाजपत्रकाच्या वाटेनं आधीच सभागृहात येऊन बसला होता.

पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. ज्या महासंहारक शस्त्रांसाठी युद्ध केलं ती सापडली नाहीत, आणि अमेरिकी सरकारच्याच शोधपथकानं २००४ मध्ये तसा अहवाल दिला. सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक मेले. इराकी नागरिकांच्या मृत्यूंचा अगदी जपून केलेला हिशेबही लाखावर जातो. ‘धोका दाखवा’ एवढीच शिकागोची मागणी होती. ती मागणी गुप्तचरांच्या अहवालांच्या ढिगाऱ्यापुढे भाबडी वाटली होती. प्रत्यक्षात त्या ढिगाऱ्यापेक्षा तीच शहाणी निघाली.

या इतिहासातला माझा सर्वांत आवडता भाग व्हर्मांटचा आहे, म्हणून त्यावर दोन प्रकरणं लिहिली आहेत. व्हर्मांट हे कॅनडाच्या सीमेवरचं छोटं, डोंगराळ राज्य. मार्चच्या पहिल्या मंगळवारी तिथल्या गावागावांत सभा भरते. कुणी प्रतिनिधी नाही, मतदारच सभासद. शाळेच्या व्यायामशाळेत किंवा गावच्या सभागृहात लाकडी खुर्च्या मांडल्या जातात, सभा चालवायला एक जण निवडला जातो, आणि बर्फ बाजूला करणारं यंत्र नवं घ्यायचं की जुनंच दुरुस्त करायचं यावर तासभर वाद होतो. दुपारी सगळे एकत्र जेवतात. १९८२ च्या अशाच सभांत दीडशेहून अधिक गावांनी अण्वस्त्रवाढ थांबवण्याचा ठराव केला होता, आणि त्या ठरावांचा आवाज वॉशिंग्टनपर्यंत पोचला होता.

१ मार्च २००५ च्या सभांत विषय होता इराकचा. तोपर्यंत लोकसंख्येच्या मानानं पाहिलं तर सर्वाधिक सैनिक गमावणाऱ्या राज्यांत व्हर्मांटचं नाव वर होतं. नॅशनल गार्ड म्हणजे राज्याचं राखीव दल. एरवी पूर, वणवा, वादळ यांत धावून येणारं. त्यातले लोक पूर्णवेळ सैनिक नसतात. ते शाळेत शिकवतात, गॅरेज चालवतात, गावच्या अग्निशमन दलात असतात. ते वर्ष-वर्ष इराकमध्ये गेले, की छोट्या गावात पोकळी दिसते. पन्नासच्या आसपास गावांनी त्या दिवशी जो ठराव चर्चेला घेतला त्यात दोन मुख्य मागण्या होत्या: गार्डला परदेशी पाठवल्याचा गावांवर काय परिणाम होतो याचा राज्यानं अभ्यास करावा, आणि सैन्य परत आणावं. जवळपास सगळीकडे तो मंजूर झाला. पहिली मागणी मला अतिशय शहाणपणाची वाटते. बगदादमध्ये काय करावं हे आम्हाला कळतं, असा दावा तिच्यात नव्हता. आमच्या गावात काय होतंय ते आम्हाला कळतं आणि ते मोजा, एवढंच म्हणणं होतं.

ते मोजलं गेलं असतं तर बरं झालं असतं, हे सहा महिन्यांत कळलं. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडवलं तेव्हा लुइझियानाच्या गार्डमधली सुमारे तीन हजार जणांची ब्रिगेड इराकमध्ये होती. मे २००७ मध्ये टॉर्नेडो वादळानं कॅन्ससमधलं ग्रीन्सबर्ग हे गाव जवळजवळ पुसून टाकलं, तेव्हा गव्हर्नर कॅथलीन सिबेलियस यांनी गार्डची वाहनं आणि यंत्रसामग्री इराकमध्ये अडकल्याची जाहीर तक्रार केली.

या ठरावांची दुबळी बाजूही आहे, आणि ती लपवणं म्हणजे वाचकाची फसवणूक. ठराव करायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे काही ठिकाणी तो सवयीचा होतो. जगातल्या प्रत्येक घडामोडीवर ठराव करणाऱ्या सभेचा एकही ठराव कुणी वाचत नाही. त्याहून मोठी चूक कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरानं केली. २००८ च्या जानेवारीत तिथल्या नगरपरिषदेनं शहरातल्या मरीन दलाच्या भरती कार्यालयाला तुम्ही इथे नको आहात अशा अर्थाचे कडक शब्द सुनावायचं ठरवलं. देशभर गदारोळ झाला, शहराचा केंद्रीय निधी तोडण्याच्या गोष्टी सिनेटमध्ये सुरू झाल्या, आणि पंधरवड्यात परिषदेला पाऊल मागे घ्यावं लागलं. मला ती माघार योग्य वाटते. युद्ध ठरवणारा वेगळा आणि लढणारा वेगळा. लढणाऱ्याचा अपमान करणारा ठराव त्याच्या आईला आणि शेजाऱ्याला शत्रू करतो. व्हर्मांटच्या सभांत गार्डमधल्या मुलांची नावं आपलेपणानं घेतली गेली, म्हणून तिथे युद्धाच्या बाजूचे लोकही खुर्ची सोडून गेले नाहीत.

आता आपल्याकडचं. हा विषय परक्या देशातला असला, तरी इराकच्या मातीशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे आणि ते रक्ताचं आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीकाठी कुत इथे ब्रिटिशांची जी फौज वेढली गेली ती होती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने ती माणसं उपासमारीत लढली. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, आणि त्यानंतरच्या कैदेत असंख्य शिपाई मेले. बसरा इथल्या स्मारकावर मेसोपोटेमियाच्या मोहिमेतल्या चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत आजही चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर छोटी संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके जण महायुद्धात गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत. गावाची नोंद आहे ती तेवढीच. जाताना त्या गावाला कुणी काही विचारल्याची नोंद कुठल्याही पाटीवर नाही, कारण विचारलं नव्हतंच.

विचारायचा प्रयत्न एकदा झाला. जून १९१८ मध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी मुंबईत युद्ध परिषद बोलावली. आणखी शिपाई हवे होते. लोकमान्य टिळकांचा भरतीला विरोध नव्हता. माणसं मागता तर स्वराज्याचंही बोला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बोलू लागताच गव्हर्नरांनी त्यांना अडवलं. इथे राजकारण नको म्हणाले. टिळक सभा सोडून बाहेर पडले. युद्ध हा तुमचा विषय नाही, हा आक्षेप शिकागोच्या कितीतरी आधी मुंबईत ऐकवला गेला होता, तोही ज्यांची माणसं कुतला मेली त्यांना.

आज आपल्या घटनेत युद्ध आणि शांतता हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत, आणि ते योग्य आहे. अमेरिकेनं इराकसाठी मागितलेलं भारतीय सैन्य पाठवायला वाजपेयी सरकारनं जुलै २००३ मध्ये नकार दिला; त्याआधी एप्रिलमध्ये संसदेनं त्या युद्धाची निंदा केली होती. त्यामुळे आपल्या एखाद्या ग्रामसभेला त्या प्रश्नाला सामोरं जावं लागलं नाही. पण अधिकार नसलेल्या ठरावात जोर नसतो, असं निदान महाराष्ट्रानं म्हणू नये. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कायदा करण्याचा तिला अधिकार नव्हता. दोन आठवड्यांत राज्य सरकारनं तोच कित्ता सगळ्या ग्रामपंचायतींना गिरवायला सांगितला.

अमेरिकेतल्या ठरावांनी इराक युद्ध थांबवलं नाही. जून २०११ मध्ये अमेरिकी महापौरांच्या परिषदेनं बाल्टिमोरमध्ये युद्धावरचा पैसा मायदेशी आणा असा ठराव केला. व्हिएतनामनंतर तिनं युद्धाविरुद्ध घेतलेली ती पहिली भूमिका मानली जाते. त्याच वर्षाअखेरीस सैन्य इराकमधून बाहेर पडलं, पण त्याचं श्रेय महापौरांना देण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, आणि मी तसं केलेलं नाही. या ठरावांनी जे खात्रीनं केलं ते वेगळं आहे. युद्ध सुरू होण्याआधी, तारीख आणि मतसंख्येसह, कोण काय म्हणालं हे त्यांनी सार्वजनिक दप्तरात नोंदवून ठेवलं. ‘तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती’ असं पुढे पुष्कळ नेत्यांनी सांगितलं. प्रोसिडिंग बुकं सांगतात की पुष्कळांना होती.

शेवटचं प्रकरण विस्कॉन्सिन राज्यावर आहे. तिथे ४ एप्रिल २००६ रोजी ३२ ठिकाणी सैन्य परत आणावं का यावर मतदान झालं. २४ ठिकाणी होय, ८ ठिकाणी नाही. चळवळीतले लोक त्या चोवीसांबद्दल बोलतात. मी मुद्दाम आठांना जास्त जागा दिली आहे. ‘आत्ता परतलो तर गेलेल्यांचं काय’ हा प्रश्न अशा गावांत विचारला जातो तेव्हा तो पोकळ नसतो. विचारणाऱ्यांच्या घरची माणसं तिकडे असतात. युद्धाला विरोध करणाऱ्या गावाचा हक्क मी मानतो, तसाच युद्धाच्या बाजूनं हात वर करणाऱ्या गावाचाही मानतो. दोन्हीकडे निदान सभा भरली, विषय वाचला गेला, आणि शेजाऱ्यानं शेजाऱ्यासमोर उत्तर दिलं.